माझी ठिणगी कुणी नेली

"आधी प्रार्थना, मग पाणी, मग किल्ली. हा क्रम कधी मोडायचा नाही, सूनबाई."

हा आवाज तानिएलाबाबांचा. त्यांना देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझं बॉनेट उघडलं की तो मला अजून ऐकू येतो. मी एक जुनी मोटारगाडी आहे, मित्रांनो. चार दारांची, एके काळी निळी. फिजीतल्या वानुआ लेवू बेटावर, वाइनिकोरो नावाच्या खाडीकाठच्या गावात, नीरफणसाच्या झाडाखाली मी उभी असते. खाऱ्या वाऱ्यानं माझे पत्रे खाल्ले आहेत, आणि टपावर कोंबड्यांनी काय केलंय ते मी सांगत नाही.

जुन्या वस्तूनं आपली कहाणी सांगताना हळवं व्हावं, असं तुम्हाला वाटत असेल. मी हळवी नाही. मी रागावलेली आहे. आवाज मात्र चढवणार नाही. ज्या घरात मी वाढले, तिथे आवाज फक्त स्तोत्र म्हणताना चढवतात.

माझा जन्म दूर जपानमधल्या एका कारखान्यातला. त्यातलं मला फारसं आठवत नाही. लोखंडाच्या आठवणी माणसांचे हात लागल्यावर सुरू होतात, आणि माझ्यावर पहिले मायेचे हात पडले ते तानिएलाबाबांचे. ते प्रवचनकार. दर रविवारी वेगळ्या गावच्या चर्चमध्ये जायचे. निघण्याआधी माझ्या बॉनेटवर तळवा ठेवून डोळे मिटायचे, मग रेडिएटरचं पाणी बघायचे, मग किल्ली. त्या वर्षांत मी काय नाही वाहिलं? नवऱ्यामुली वाहिल्या. मयताच्या घरी द्यायच्या चटयांच्या वळकट्या वाहिल्या. एकदा मेजवानीचं जिवंत डुक्कर मागच्या सीटवर बसवून नेलं. ते सबंध वाटेत बाबांच्या प्रवचनापेक्षा मोठ्यानं बोलत होतं.

खाडीच्या मागे डोंगर आहे, आणि डोंगरापलीकडे लंबासा हे मोठं गाव. त्या घाटात भल्याभल्या गाड्या धापा टाकायच्या. मी गात चढायची. "तानिएलांची गाडी डोंगराला घाबरत नाही, डोंगर तिला घाबरतो," असं लोक म्हणायचे. स्तुती कुणाला आवडत नाही? मलाही आवडायची.

बाबा गेले आणि मी त्यांच्या मुलाची, सेमेसाची झाले. किल्ली मात्र राहिली त्याच्या बायकोच्या, वारानिसीच्या कमरेला. बाबांनी चालवायला तिलाच शिकवलं होतं. सेमेसा मला होडी वल्हवल्यासारखी चालवतो, आणि हे तो स्वतःही मान्य करतो. वारानिसी रोज पहाटे उठते, प्रार्थना करते, मग माझं पाणी बघते. मला कुठे जायचं नसलं तरी बघते. नेम म्हणजे नेम.

आता एक छोटी गोष्ट समजून घ्या, कारण माझा सगळा राग तिच्यात आहे. माझ्या इंजिनाच्या शेजारी एक डबी असते. तिला कॉइल म्हणतात. बॅटरीची वीज अशक्त असते. कॉइल तिला एवढी जोरकस करते, की प्लगच्या टोकाला निळी ठिणगी उडते. ठिणगी उडाली की पेट्रोल पेटतं, पेट्रोल पेटलं की मी चालते. माझी जुनी कॉइल थकली, तेव्हा वारानिसीनं स्वतः विणलेली सगळ्यात मोठी चटई देऊन नवी आणली आणि स्वतःच्या हातानं बसवली. बसवण्याआधी, चर्चच्या खिडक्या रंगवून उरलेल्या पांढऱ्या रंगानं तिच्यावर एक बारीक क्रॉस काढला. तोही बाहेरून दिसणार नाही अशा बाजूला.

"देवाला दिसला की झालं," ती म्हणाली.

आता वासूचं सांगते. बहिणीच्या लेकराला इथे वासू म्हणतात. मामाच्या घरात, मामाच्या अख्ख्या गावात, वासूला जे आवडेल ते त्यानं उचलावं. डुक्कर, होडी, चटई, काहीही. मामानं नाही म्हणायचं नसतं. परत मागायचं तर त्याहून नसतं. मागितलं तर तो भाच्याचा नाही, स्वतःच्या बहिणीचा अपमान. रीत जुनी आहे आणि तिच्यात माया आहे, हे मलाही कबूल. पण ज्यांनी ती घालून दिली, त्यांच्या वेळी गाड्या नव्हत्या. होडीचं वल्हं नेलं तर सगळ्यांना दिसतं. गाडीच्या पोटातलं काही नेलं, तर गाडी बाहेरून तशीच दिसते.

इसिकेली हा सेमेसाच्या थोरल्या बहिणीचा, सालोतेचा मुलगा. त्याचा एक छोटा लाल ट्रक आहे. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला, तेव्हा एका दुपारी वारानिसी खेकडे धरायला तिवरांत गेलेली असताना तो पाना घेऊन आला आणि त्यानं माझं बॉनेट उघडलं. सेमेसा पायरीवर बसून यांगोना, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं गुंगीचं पेय, पीत होता.

"मामा, माझ्या ट्रकची कॉइल तापली की मरते. डोंगरापलीकडे हंगामभर ऊस वाहायचाय."

"हं."

"तुमची गाडी काय, रविवारी चर्चपर्यंत जाते आणि परत येऊन कोंबड्यांना सावली देते. तिला माझी जुनी चालून जाईल."

सेमेसानं हातातली करवंटी खाली ठेवली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा समुद्राकडे.

"जेवून जा," एवढंच तो म्हणाला.

माझं काळीज काढून नेत होते, मित्रांनो, आणि हा माणूस त्याला जेवून जा म्हणत होता.

खाडीकाठचा रस्ता सपाट आहे. चर्चपर्यंत, शाळेपर्यंत, सावुसावूच्या बाजारापर्यंत त्याची ती जुनी कॉइल मला ओढत राहिली. कुणाला काही कळलं नाही. मग सालोतेच्या डोळ्यांची वेळ आली.

सालोतेसारखी चटई या किनाऱ्यावर कुणी विणत नाही. इसिकेलीच्या लग्नासाठी तिनं मोठी चटई विणायला घेतली होती, ती अर्धी होऊन घराच्या कोपऱ्यात गुंडाळून पडली, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. बोटांना वीण आठवत होती, पण कड वाकडी जायची, आणि वाकडी कड तिला सोसत नाही. लंबासाच्या इस्पितळात डोळ्यांचे डॉक्टर आठवडाभरासाठी येणार होते. शुक्रवारी संध्याकाळी ते परत जाणार, मग पुढच्या वर्षी. बस आमच्या खाडीत येत नाही, आणि सालोतेच्या गुडघ्यांना बसच्या पायऱ्या चढवत नाहीत. गावातली दुसरी गाडी म्हणजे इसिकेलीचा ट्रक, तो माझी कॉइल घेऊन डोंगरापलीकडे.

"वन्सं, काही झालं तरी मी तुम्हाला नेते," वारानिसी म्हणाली होती. "माझा शब्द आहे."

सोमवारी आम्ही निघालो. प्रार्थना झाली, पाणी झालं, किल्ली फिरली. घाटाच्या पायथ्यापर्यंत ठीक होतं. चढ लागला, इंजिन तापलं. आधी एक गचका. मग दोन. मग मी मिसिंग करायला लागले. चारातले कधी दोन सिलिंडर चालायचे, कधी तीन, आणि मागून फटाक्यासारखा बार व्हायचा. वारानिसीनं पहिला गिअर टाकला, दात आवळले, पण तिसऱ्या वळणावर मी बंद पडले.

मागच्या सीटवर सालोते मान तिरकी करून ऐकत होती. डोळे गेले की माणसाचे कान मोठे होतात.

"ही बाबांची गाडी वाटत नाही," ती म्हणाली. "बाबांची गाडी गायची. ही खोकतेय."

"म्हातारी झाली असेल, वन्सं."

"म्हातारी मीही झालेय. मी काय अशी खोकते?"

वरून नारळ भरलेली एक गाडी उतरत होती. तिच्या चालकानं खिडकीतून हात काढला. "काय मामी, डोंगराला नैवेद्य दाखवायला आणलीत का हिला? इथेच ठेवा, झाडं उगवतील तिच्यातून." त्या गाडीतले सगळे हसले. थंड झाल्यावर मी सुरू झाले, आणि उताराला लागून आम्ही घरी परतलो. सालोते खिडकीबाहेर बघत राहिली, जिथे तिला काहीही दिसत नव्हतं.

मंगळवारी वारानिसीनं मला सावुसावूला बिसेसरभाईंच्या गॅरेजात नेलं. सपाट रस्ता, सकाळचा गारवा. मी सुरेख चालले. त्यांनी प्लग काढून काजळी घासली, पेट्रोलचा फिल्टर बदलला, कार्बोरेटर फुंकून साफ केला, पॉइंटमधलं अंतर नीट केलं. दोष काही सापडेना.

"वहिनी, ताप उतरल्यावर रोगी आणलात तर मी नाडीत काय बघू? एक सांगा. घाटात ही मरते ती कशी? पेट्रोल संपल्यासारखी हळूहळू, की वाऱ्यात दिवा फडफडल्यासारखी?"

"फडफडते. गचके देते. मागून बारही होतो."

"मग पेट्रोलच्या मागे लागू नका. वीज बघायची. कॉइल तापून दगा देत असेल."

"कॉइल नवी आहे. मीच बसवलीय," वारानिसी ठामपणे म्हणाली.

बिसेसरभाईंनी खांदे उडवले. "नवी असेल तर प्रश्न नाही. नसती तर प्रश्न होता, सुवाहून बोट शनिवारी येते, तोवर दुकानात कॉइल नाही. एक करा. हिला परत घाटात न्या, आणि जिथे मरेल तिथेच बॉनेट उघडा. घरी आणून नाही. सोबत पाणी आणि फडकं असू द्या. जे हाताला चटका देईल ते गार करून बघा."

बुधवारी सेमेसानं माझ्याभोवती फेरी मारली. जाळीचा गुंडाळा घेऊन त्यानं माझ्या खिडक्यांची मापं घेतली.

"खुराडं छान होईल," तो म्हणाला. "प्रत्येक वस्तूची वेळ असते. पवित्र शास्त्रातच म्हटलंय."

मित्रांनो, तुम्ही कधी खरं माहीत असलेल्या माणसाला खोट्यावर देवाची सही करताना पाहिलंय का? मी पाहिलंय. माझी वेळ संपली नव्हती. माझी कॉइल गेली होती, आणि ती कुठे गेली हे त्याला माहीत होतं. मला तोंड असतं तर मी तेव्हाच बोलले असते. मला फक्त हॉर्न आहे, आणि तो दुसऱ्याच्या हातात असतो.

गुरुवारी सकाळी वारानिसी मला एकटीच घेऊन घाटात गेली. शेजारच्या सीटवर पाण्याची बादली आणि जुन्या सुलूचं, म्हणजे लुंगीचं, फडकं. तिसऱ्या वळणावर मी फडफडले आणि बंद पडले. ती उतरली. तिनं चिडून दार आपटलं नाही, कपाळाला हात लावला नाही. बॉनेट उघडलं आणि गरम पत्र्यांवरून हात थोडा वर धरून फिरवत गेली, तापलेल्या पोराच्या अंगावरून फिरवतात तसा. कॉइलपाशी तिचं बोट चटकन मागे आलं. तिनं फडकं भिजवून कॉइलभोवती गुंडाळलं. वाफ निघाली. तिनं ओठातल्या ओठात एक स्तोत्र पूर्ण म्हटलं, मग किल्ली फिरवली.

मी गायले. वरच्या वळणापर्यंत सरळ चढले. फडकं सुकलं तसे परत गचके. फडकं परत भिजवलं, मी परत चढले.

दुखणं सापडलं होतं. पण वारानिसी हसली नाही. नवी डबी एवढी कशी तापते, हे तिला समजेना. तिनं पाना घेतला, पट्टी सैल केली आणि कॉइल फिरवून मागची बाजू वर आणली. तिथे गंज होता. क्रॉस नव्हता. त्या गंजावर मात्र लाल रंगाचा एक ओघळ होता, आणि गावात लाल रंगाची एकच गाडी आहे. वारानिसीनं डबी पट्टीत परत घट्ट केली आणि मला वळवून घाट उतरवला.

घरी आली तेव्हा सेमेसा पायरीवर होता, सालोते आत चटईवर. वारानिसीनं किल्ली कमरेला खोचली.

"गाडीची कॉइल कुणी बदलली?"

सेमेसा करवंटीत बघत राहिला. "जुनी गाडी आहे. जुन्या गाडीत नवं काय टिकतं?"

"मी वय नाही विचारलं. नाव विचारलं."

"तो वासू आहे, वारानिसी."

"तुम्हाला ठाऊक होतं. मी वन्संना घेऊन घाटात उभी होते तेव्हा ठाऊक होतं. बिसेसरभाई प्लग घासत होते तेव्हा ठाऊक होतं. जाळीचं माप घेताना शास्त्र सांगत होतात, तेव्हाही ठाऊक होतं."

"मामानं परत मागायचं नसतं."

"आणि बायकोला सांगायचंही नसतं? ही कुठली रीत? ही तुमच्या आजोबांची की तुमची?"

ती हे सगळं हळू आवाजात बोलली. इतक्या हळू, की कोंबड्याही थांबून ऐकत होत्या. 

आतून सालोतेचं हसू ऐकू आलं. ते आनंदाचं नव्हतं.

"म्हणजे माझ्या पोरानं माझ्याच दिव्याची वात नेली," ती म्हणाली. "सेमेसा, तू माझा मान राखलास हो. चांगला राखलास. आता तो बघायला मला डोळे नाहीत."

"ताई, तसं नव्हतं माझ्या मनात..."

"तुझ्या मनात काय होतं ते देव बघेल. मला उद्या संध्याकाळी डॉक्टर निघून जाणार आहेत, तेवढंच दिसतंय."

सेमेसा उठला. माझ्यापर्यंत आला. बॉनेट उघडं होतं. ती गंजकी डबी तो बघत राहिला, मग त्यानं तिच्यावर तळवा ठेवला. बाबा ठेवायचे तसा. मला तो तळवा नको होता.

"मी मागेन," तो म्हणाला. "इसिकेली तिकडेच आहे, रस्त्यालगतच्या फडात. मी त्याच्याकडे परत मागेन."

"लोक हसतील," वारानिसी म्हणाली.

"हसू देत. तोडणीवाल्यांच्या सगळ्या टोळीसमोर मागेन. मागितली नाही, तर येताना मला घाटात सोडून या."

"शब्द देताय?"

"देतोय."

हे ऐकून माझा राग जाईल असं मला वाटलं होतं. गेला नाही. तुम्हाला खोटं कशाला सांगू? राग म्हणजे ऊस नव्हे, एका हंगामात तोडून संपायला. उलट मला जास्तच संताप आला, की एवढं सोपं वाक्य होतं, दोन शब्दांचं, आणि ते बोलायला या माणसाला सालोतेचे डोळे पणाला लागावे लागले.

म्हणून मी तुम्हाला सांगते, मित्रांनो. तुमच्या घरी कुणी दमायला लागलं, चढाला थांबायला लागलं, तर लगेच वयावर ढकलू नका. मग ती गाडी असो, बैल असो, नाहीतर माणूस. आधी बघा, त्याच्या आतलं काय कुणी काढून नेलंय. आणि नेताना तुम्ही पायरीवर बसून बघत असाल, तर निदान घरात तसं सांगा. वस्तू तेलपाण्यानं टिकतात, हे सगळेच सांगतात. ते खरं आहे. पण ज्याला दोष माहीत आहे तोच गप्प बसला, तर तेल आणि पाणी काय करणार? तुमच्या गप्प बसण्याची काजळी आमच्या प्लगांवर बसते.

शुक्रवारी उजाडायच्या आत वारानिसी बाहेर आली, तेव्हा सेमेसा आधीच उठलेला होता. माझ्या टपावरची घाण धुतलेली होती. पुढच्या सीटपाशी पाण्याचे डबे भरून ठेवले होते, भिजवलेली गोणपाटं होती, आणि खिडकीपाशी ठेवलेला जाळीचा गुंडाळा कुठे दिसत नव्हता. त्यानं सालोतेला उचलून मागच्या सीटवर बसवलं. सालोतेच्या मांडीवर तिची अर्धी चटई होती, गुंडाळलेली.

"ही कशाला घेतलीत, वन्सं?"

"पट्टी सोडली की पहिली हिची कड बघणार आहे," सालोते म्हणाली. "आणि वाटेत तो गाढव भेटला, की त्याला हिचा वास देणार आहे. म्हणावं, इथेच अडकलंय तुझं लग्न."

सेमेसा वारानिसीच्या शेजारी बसला. एक ओलं फडकं त्यानं पिळून हातात तयार धरलं. घाटात प्रत्येक वळणावर त्यालाच उतरायचं होतं. तो काही बोलला नाही, आणि या वेळी त्याच्या गप्प बसण्याला माझी हरकत नव्हती.

डोंगर समोर काळा उभा होता. माझ्या पोटात अजून ती परकी डबी होती, आणि मी अजून रागावलेली होते. पण राग घेऊनही चढता येतं. आधी चढू, मग बघू.

वारानिसीनं माझ्या बॉनेटवर तळवा ठेवून डोळे मिटले. मग झाकण उघडून पाणी बघितलं. मग ती आत बसली आणि तिनं किल्ली फिरवली.